चाक गेलं, सुतार राहिला

मागच्या अंकात या सुतारकामाच्या सदरात सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशिनवर कोरून आणलेल्या देव्हाऱ्याच्या दारांबद्दल मी चार ओळी लिहिल्या. या महिन्यात पत्रं उघडली तर वाळवी, पॉलिश, कुरकुरणारी बिजागरी सगळं बाजूला, आणि जो तो मशिनबद्दलच विचारतोय. तेव्हा हा अंक त्यालाच देऊन टाकतो. वाळवीवाल्यांनी महिनाभर कळ काढावी. वाळवीही काढतेच.

काका, मी आयटीआयला सुतारकामाच्या ट्रेडला आहे. मित्र म्हणतो, एआय आणि रोबो आल्यावर सुताराला कोण विचारणार? इलेक्ट्रिशियनला जा. माझे वडील गावात सुतारकाम करायचे, आता सेंट्रिंगला जातात. ट्रेड बदलू का?
– एक विद्यार्थी, पलूस तालुका

बदलू नकोस. पण तुझा मित्र अगदीच खोटं बोललेला नाही, म्हणून जरा लांबून सांगतो.

माझे आजोबा बैलगाडीची चाकं भरायचे. मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेरून पुट्ठे, आणि सगळ्यावर लोखंडी धाव. ही धाव चढवताना मी सात-आठ वर्षांचा असताना पाहिलंय. जमिनीवर लोखंडी कडं ठेवून भोवती गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायच्या. कडं लालबुंद झालं की चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचं. लाकूड भसकन पेटायचं, की लगेच घागरीनं पाणी. धूर, वाफ, आणि त्या वाफेत कडं आवळत जायचं तसे सांधे करकर वाजायचे. आजोबा तो आवाज ऐकायला कान लावून बसत. करकर नीट वाजली नाही तर म्हणत, "आरा ढिला राहिलाय, हे चाक दोन पावसाळे काढत नाही."

आता बघ, हे काम आमच्याकडं मशिननं खाल्लंच नाही. रबरी टायरची गाडी आली, मागून ट्रॅक्टर आला, आणि चाकच नको झालं. आजोबांच्या हातातली करामत तशीच होती, गिऱ्हाईक मात्र उठून गेलं. त्याच्याही आधी नांगराचं तेच झालं होतं. तुझ्या घरापासून किर्लोस्करवाडी किती लांब? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तिथल्या माळावर कारखाना आणला, त्याच्या आधीपासून ते लोखंडी नांगर करत होते. सुरुवातीला शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमीन नासते. मग एकदा पटलं, आणि लाकडी नांगर करणारा सुतार दुसरं काहीतरी करायला लागला. माझे वडील दारं-खिडक्यांवर आले. खिडक्या अ‍ॅल्युमिनियमनं नेल्या तेव्हा मी प्लायवर आलो. म्हणजे तीन पिढ्यांत आमच्या घरानं दोनदा काम बदललं, आणि त्यात एकदाही रोबोचा हात नव्हता. तुझे वडील सेंट्रिंगला गेले तेही याच रस्त्यानं गेले.

आताचं मशिन काय करतं ते सांगतो. आठ बाय चारचं प्लायचं शीट पॅनल सॉवर, म्हणजे कापायच्या मशिनवर, घातलं की सरळ, गुण्यात (काटकोनात), चिरफळ्या न उडता कापून मिळतं. कडेला पट्टी चिकटवणारं मशिन वेगळं. बिजागरीच्या वाटीसाठी ३५ मिलिमीटरचं भोक पाडणारं वेगळं. आणि कुठला तुकडा कुठल्या शीटमधून काढला तर कचरा कमी पडेल, हे सॉफ्टवेअर सांगतं. दहा शिटांचं काम पूर्वी आम्ही दोघं-तिघं जागेवर हातकटरनं चार दिवस करायचो. तोच माल आता जॉबवर्कवाल्याकडं, म्हणजे मजुरीवर कापून देणाऱ्याकडं, सकाळी देऊन संध्याकाळी आणता येतो. ते काम गेलं, परत येणार नाही, आणि मला त्याचं दुःखही नाही. माझ्या डाव्या तर्जनीचं एक पेर त्याच हातकटरनं नेलंय. धूळ नाकात गेली ती निराळीच.

राहिलं काय? गेल्या दिवाळीच्या आधी सांगलीत विश्रामबागला एका फ्लॅटमध्ये मला बोलावणं आलं. किचन कारखान्यातून आलेलं, खोकी उघडलेली, एकेक कप्पा असा की नाव ठेवायला जागा नाही. पण दहा फुटांच्या भिंतीला ओळंबा धरला तर वर-खाली १४ मिलिमीटरचा फरक. फरशीला मोरीकडं उतार. कोपरा गुण्यात नाही. आणि गॅसचा पाइप ड्रॉइंगमध्ये जिथं दाखवला होता तिथून वीतभर अलीकडं निघालेला. बसवायला आलेली दोन पोरं फोन लावून उभी होती, पलीकडून कुणीतरी "साइट रेडी नाही" म्हणत होतं.

मी काय केलं, तर जुनीच गोष्ट. भिंत आणि कप्प्याच्या मधे येणारी लाकडाची पट्टी भिंतीला टेकवून ओळंब्यात उभी धरली. एक वॉशर घेतला, त्याच्या भोकात पेन्सिलीचं टोक घातलं, आणि वॉशरची कड भिंतीला घासत वरून खाली आणली. भिंतीचा फुगवटा, खड्डा, गवंड्याचा कंटाळा, सगळं पट्टीवर रेघेनं उतरलं. त्या रेघेपर्यंत रंधा मारला. पट्टी परत लावली तर कागद जाणार नाही इतकी बसली. त्यातल्या एका पोरानं मोबाइलवर शूटिंग केलं. वॉशरचं त्याला भलतंच कौतुक.

भिंत लेझरनं मोजणारी यंत्रं आहेत, मला माहीत आहे. मोठ्या कामात वापरतातही. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, सिंकच्या खाली निम्मं अंग घालून, तोंडात स्क्रू धरून, गिऱ्हाइकाच्या आईचं "देवाचं तोंड कुणीकडं येणार?" ऐकत काम करणारा रोबो स्वस्तात मिळेपर्यंत तुझं लग्न होऊन पोरं शाळेत गेली असतील.

मला काळजी वाटते ती वेगळीच. मी शिकलो ते त्या गेलेल्या कामावरच. तेराव्या वर्षी वडिलांनी मला सहा महिने नुसता रंधा मारायला लावला. मग सरळ कापायला दिलं. वाकडं कापलं की बोलणी बसायची, पण त्या वाकड्या कापण्यातून हाताला डोळे आले. आता सरळ कापणं मशिनकडं, आणि मालकाला पाहिजे थेट बसवणारा मिस्त्री. तो मधे कुठं तयार होणार? माझ्याकडं दोन पोरं आहेत, त्यांना मी आठवड्यातला एक दिवस भंगार सागवान देतो आणि हातानं कुसू (सांध्यात बसणारी जीभ) पाडायला लावतो. बायको म्हणते, पगारी शाळा काढलीय. काढलीय खरी.

तेव्हा तू आयटीआयचं वर्ष वाया घालवू नकोस. सरांच्या मागं लागून सगळे सांधे हातानं कर. धार लावायला शीक, अर्ध्या पोरांना येत नाही. ड्रॉइंग वाचायला आणि कॉम्प्युटरवर काढायलाही शीक. ते तुझ्या पिढीला अवघड नाही, माझ्या पिढीला आहे. आणि पास झाल्यावर कारखान्याच्या मशिनवर नोकरी मिळाली तर वर्ष-दोन वर्षं जरूर कर. मशिन आतून बघितलेला आणि वॉशरनं भिंत उतरवणारा असा एकच माणूस तुझ्या तालुक्यात असेल, तर त्याला काम शोधावं लागणार नाही.

सुताराचं काम यंत्राकडे जाण्याची शक्यता ७२ टक्के आहे, असं एका परदेशी अभ्यासात आहे. तुम्ही हे कसं बघता?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

सर, तुमचं पत्र मी मुलीला वाचायला दिलं. तिनं तो अभ्यास शोधून मला जेवताना समजावून सांगितला. ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न या दोघांनी २०१३ मध्ये केलेला. अमेरिकेतले ७०२ व्यवसाय घेतले, आणि तिथल्या ४७ टक्के नोकऱ्या धोक्याच्या गटात टाकल्या. सुतारासमोर तो ७२चा आकडा.

दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. एक, त्यांनी यंत्राला काय जमू शकेल याचा अंदाज केला होता. किती माणसं घरी बसली याची मोजणी नव्हे. दुसरी गोष्ट मुलीनं सांगितली तेव्हा मी भाकरी हातात धरून हसलो. यंत्राला अडवणाऱ्या गोष्टींची त्यांनी एक यादी धरली होती आणि तिच्यात अडचणीच्या जागेत, अवघडून काम करणं हा मुद्दा होता. सिंकखालची जागा ऑक्सफर्डपर्यंत पोचली म्हणायची.

आता त्याला दहा वर्षं उलटून गेली. माझ्यापुरतं सांगतो, आज सांगली-मिरजेत चांगला बसवणारा मिस्त्री दिवाळीआधी हजार रुपये हजेरी देऊनही मिळत नाही. आणि नुसता हातकटरवर प्लाय कापणारा माणूस आठवड्यातले तीन दिवस रिकामा असतो. आकडा दोघांना मिळून एकच दिलाय, गोम तिथं आहे.

आमचा फ्लॅट तयार होतोय. मॉड्युलर कंपनीचं किचन घ्यावं की घरी सुतार लावावा? मिस्टर म्हणतात कंपनी, सासरे म्हणतात सुतार.
– एक वाचक, डोंबिवली

ताई, सुतारालाच विचारताय, म्हणजे सासऱ्यांच्या बाजूनं कौल पाहिजे असणार! पण मी अर्धा-अर्धा देतो. कप्पे मशिनवर कापून, कडा मशिननं चिकटवून घ्या. हातानं चिकटवलेली पट्टी दोन वर्षांत ओठ उघडते, हे मी माझ्याच कामाबद्दल कबूल करतो. बसवायला मात्र चांगला मिस्त्री लावा आणि त्याला आधी, ऑर्डर द्यायच्या आधी, जागा दाखवा.

माल काय घालतायत ते लिहून घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर महिनाभर मी फक्त फुगलेली दारं काढत फिरलो. भुश्शाच्या बोर्डाची किचनं हातात घेतली की लापशीसारखी गळायची, स्क्रू बोटानं निघायचा. एका घरात तर तीन वर्षांचं चकचकीत किचन आम्ही फावड्यानं भरलं. त्याच घरातलं आजीचं सागवानी कपाट आठ दिवस पाण्यात राहून फक्त चिखलानं माखलं होतं. दारं धुतली, सावलीत वाळवली, एक बाजू रंधली, झालं.

डोंबिवलीत पूर येऊ नये, पण सिंकखाली पाणी येतंच. निदान तेवढ्या कप्प्याला आयएस ७१० शिक्क्याचा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय मागा, आणि शिक्का शिटावर स्वतः बघा. बिलावरचा शिक्का कामाचा नाही.

मी ४६ वर्षांचा मिस्त्री. कर्ज काढून सीएनसी राउटर (लाकूड कोरणारं मशिन) घ्यावा असं मनात आहे. विश्वकर्मा योजनेतून होईल का?
– एक मिस्त्री, विटा

मिस्त्री, योजनेचं आधी सांगतो. पीएम विश्वकर्मा १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ धंदे आहेत, त्यात आपण सुतार आहोत. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्याचे रोजचे ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडत आणल्यावर पुढं २ लाख. घरटी एकालाच मिळतं. नाव घाला, हत्यारं घ्या. राउटर त्यात बसत नाही, पण पट्टीवरून सरकत कापणारा चांगला ट्रॅक सॉ आणि धूळ ओढायचं मशिन बसेल.

राउटरबद्दल मात्र माझं ऐकाल तर आत्ता घेऊ नका. माझ्या एका दोस्तानं सहा वर्षांपूर्वी घेतला. पहिलं वर्ष राजासारखं गेलं. देव्हाऱ्याच्या दारावर गणपती, ॐ, स्वस्तिक, वेलबुट्टी. हातानं कोरायला आठ दिवस लागायचे ते काम मशिन दुपारच्या झोपेत करायचं. मग त्याच रस्त्यावर दुसरा राउटर आला, मग तिसरा. डिझाइनची फाइल सगळ्यांकडं तीच, मोबाइलवरून मोबाइलवर गेलेली. आता आमच्या भागातल्या निम्म्या देव्हाऱ्यांवर एकच गणपती आहे, तोच डोळा, तीच सोंड. दर पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलाय आणि हप्ता आहे तेवढाच आहे. त्याच्या पोटावर रोबोनं पाय दिला नाही, शेजारच्या राउटरनं दिला.

महिन्याला मशिनला पुरतील एवढी शिटं तुमच्याकडं आत्ता आहेत का, हे वहीत बघा. नसतील तर जॉबवर्कवर कापून घ्या आणि बसवण्याचा दर वाढवा. तो वाढवायला आपण उगाच लाजतो.

चॅटजीपीटीला विचारून कपाटाची कटिंग लिस्ट काढता येते का?
– एक वाचक, पुणे

येते. मी मुलीच्या फोनवर सात बाय सातच्या कपाटाची काढून बघितली. भागाकार माझ्यापेक्षा चांगला. पण पात्याच्या जाडीचे जे तीन-चार मिलिमीटर दर कापाला जातात ते धरले नव्हते, आणि लॅमिनेटची रेष एका दाराला उभी, एकाला आडवी. सांगितल्यावर लगेच माफी मागून दुरुस्त केलं. आमची पोरं माफी मागत नाहीत. शेवटी सगळं जुळलं, आणि मग मला आठवलं की त्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये आठ फुटी शीट जात नाही आणि जिन्याला वळण आहे. ते मी त्याला सांगितलं नव्हतं, त्यानं विचारलं नव्हतं. नवा मिस्त्री विचारत नाही, जुना आधी जिना बघतो.

तुमच्या मिरजेत सतारी अजून हातानंच का करतात? मशिन का नाही आणत?
– एक वाचक, नाशिक

लाकूड कापायला, घासायला मशिनं आहेतच तिथं. पण सतारीच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जी जवारी (आवाजाची झणकार) काढतात ती कानानं. कानशीनं एक हात फिरवायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत एक हात. उद्या ऐकणारं मशिनही निघेल, मी पैज लावणार नाही.

पण या कारागिरांची गोष्ट मला फार आवडते. हे मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांचा जमाना गेला, धार लावून घ्यायला कुणी येईना, तेव्हा मिरजेच्या संस्थानात गाणं-बजावणं होतं म्हणून वाद्यांच्या दुरुस्तीकडं वळले आणि करायलाच लागले. पंढरपूरकडचे भोपळे आणायचे, वर्ष-वर्ष वाळवायचे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता त्यांना त्रास कशाचा, तर तंबोऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक डबीचा आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपचा. शिकणारं पोर तंबोरा विकत घेतच नाही, फोन टेकवून गायला बसतं. पुन्हा आजोबांच्या चाकाचीच गत. तंबोरा करणारं मशिन नाही आलं, तंबोऱ्याची जागाच भरून गेली.

वडील मिस्त्री होते, गेल्या वर्षी वारले. त्यांची पेटीभर हत्यारं आहेत. भंगारवाला किलोवर मागतोय. आम्ही कुणीच या धंद्यात नाही. द्यावीत का?
– एक वाचक, तासगाव

थांबा, देऊ नका. पेटी उघडा आणि रंधा बाहेर काढा. पात्यावर गंज असेल, घाबरू नका. रॉकेल नसेल तर खोबरेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी पॉलिश पेपरनं घासा. खाली चांगलं पोलाद निघेल. पटाश्यांच्या मुठी तुटल्या असल्या तरी चालतात, मूठ बाभळीची नवी बसते. वाकस (लाकूड तासायचं हत्यार) असेल तर तो घरात ठेवा, वडिलांच्या हाताची झीज त्याच्या दांड्यावर असणार.

बाकीचं नको असेल तर माझ्याकडं पाठवा, भंगारवाल्याच्या दुप्पट दर देतो. अर्ध्या इंची आणि पाव इंची पटाशी मिळाली तर वेगळी बांधा. वरच्या पत्रातल्या पलूसच्या पोराचा पत्ता माझ्याकडं आहे.